दिवस गेले, पण पुरावा काय?

पहाटे पावणेसहाला मी बाथरूमच्या खिडकीशी उभी होते, हातात ती पट्टी. एक रेघ ठसठशीत. ती यायचीच, पट्टी नीट चालते आहे एवढंच ती सांगते. तिच्या शेजारी आणखी काहीतरी होतं. रेघ म्हणावी तर रेघ, सावली म्हणावी तर सावली. पट्टी तिरकी धरली की दिसायची, सरळ धरली की जायची. मोबाइलचा टॉर्च लावून बघितली, एक डोळा मिटून बघितली. शेवटी नवऱ्याला उठवलं.

"तुला दिसते का रे दुसरी रेघ?"

त्याने पट्टी डोळ्यांजवळ नेली, लांब नेली, मग माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. "तू म्हणत असशील तर दिसते."

पट्टीबरोबरच्या कागदावर लिहिलेलं असतं की फिकट रेघही रेघच. ठरलेल्या मिनिटांत उमटली असेल तर धरायची. तासाभराने कचऱ्याच्या डब्यातून काढून बघितली तर धरायची नाही. (मी काढून बघितली होती. असं करणारी मी एकटीच नसेन.) ही रेघ ज्याच्यामुळे उमटते ते एचसीजी नावाचं संप्रेरक. फलित झालेलं बीज गर्भाशयाच्या अस्तरात रुजायला साधारण सहा ते दहा दिवस घेतं. ते रुजलं की मग हे संप्रेरक आईच्या रक्तात येतं आणि रक्तातून लघवीत. सुरुवातीला ते दर दोन-तीन दिवसांनी दुप्पट होत जातं. म्हणून पाळी चुकायच्या आधीच घाईने टेस्ट केली तर ती 'नाही' म्हणते आणि चार दिवसांनी त्याच बाईला 'आहे' म्हणते.

मी त्या आठवड्यात चार पट्ट्या वापरल्या. चौथीवरची रेघ नवऱ्याला चष्म्याशिवाय दिसली, तेव्हा कुठे थांबले. खरं तर एकीने भागलं असतं. पण ही आमची दुसरी खेप होती, आणि पहिल्या खेपेनंतर माझा कुठल्याच पुराव्यावर फारसा विश्वास उरला नव्हता. त्याबद्दल पुढे सांगते.

मराठीत आपण म्हणतो, 'तिला दिवस गेले'. लहानपणी मला प्रश्न पडायचा, गेले म्हणजे कुठे गेले? पहिल्या तपासणीला डॉक्टरांनी शेवटच्या पाळीचा पहिला दिवस विचारला, पुठ्ठ्याची एक गोल चकती फिरवली आणि म्हणाल्या, "चार आठवडे आणि पाच दिवस." मी बोटांवर हिशोब केला. जुळेना.

"पण डॉक्टर, तेव्हा तर..."

"तेव्हा काहीच नव्हतं," त्या हसून म्हणाल्या. "तरी मोजायचं तिथूनच."

कारण तसं सरळ आहे. बीज कधी फलित झालं ते कुणी पाहिलेलं नसतं. पाळी कधी आली ते बाईला ठाऊक असतं. तेवढी एक तारीख हातात धरून पुढे २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे मोजायचे. जर्मन प्रसूतितज्ज्ञ फ्रान्झ नेगेले यांच्या नावाने एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेला हिशोब असा: पाळीच्या तारखेपासून तीन महिने मागे जा आणि सात दिवस पुढे या. पाळी १० मार्चला आली असेल तर तारीख १७ डिसेंबर. हे सगळं जिची पाळी दर २८ दिवसांनी घड्याळासारखी येते तिच्यासाठी. जिची पस्तीस दिवसांनी येते तिची तारीख सोनोग्राफीनंतर पुढे सरकते. शिवाय नेमकी त्याच दिवशी जन्माला येणारी मुलं फार थोडी. तरी आपण ती तारीख कॅलेंडरवर गोल करून ठेवतोच.

तर दिवस गेले ते असे. बातमी कळते तोवर चार-पाच आठवडे आपल्या खात्यावर जमा झालेले असतात, आणि त्यातल्या पहिल्या दोन आठवड्यांत गर्भ नावाची वस्तूच नसते. मला याची गंमत वाटायची, पण यातली एक गोष्ट गमतीची नाही. गर्भाचा मेंदू आणि मज्जारज्जू जिच्यापासून घडतात ती मज्जानलिका फलनानंतर साधारण २८ दिवसांत मिटते. डॉक्टरांच्या चकतीवर तो सहावा आठवडा. कितीतरी जणींना तोवर पत्ताच नसतो. म्हणून रोजचं ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड मूल हवं असं ठरवतानाच सुरू करा असं सांगतात. बातमी कळल्यावर सुरू केलेली गोळी पुष्कळदा उशिरा पोचते. ज्यांच्या आधीच्या बाळात मज्जानलिकेचा दोष होता त्यांना डॉक्टर याहून मोठा डोस देतात. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या, सात देशांत चाललेल्या एका ब्रिटिश चाचणीत अशा बायकांमध्ये फॉलिक अ‍ॅसिडमुळे तो दोष पुन्हा येण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं होतं. मला पहिल्या खेपेला यातलं काही माहीत नव्हतं. पट्टी विकत घेताना कळतं सगळं, पट्टीच्या दोन महिने आधी कोण कुणाला सांगतं?

पुराव्याची ही हाव जुनी आहे. प्राचीन इजिप्तच्या एका पपायरसात सांगितलंय की बाईने गहू आणि सातूच्या दाण्यांवर रोज लघवी करावी. दाणे उगवले तर ती गर्भार. हसू येतं, पण १९६३ साली काही संशोधकांनी हे खरोखर करून पाहिलं, तर गर्भार बायकांच्या बाबतीत दहातल्या सुमारे सात वेळा दाणे उगवले. पुढे १९२७च्या सुमाराला बर्लिनमध्ये आशहाइम आणि झोंडेक यांनी बाईची लघवी कोवळ्या उंदरांच्या माद्यांना टोचून नंतर त्यांचे अंडाशय तपासायची पद्धत काढली. मग सशांवर तोच प्रयोग झाला. ससा मेला म्हणजे बाई गर्भार, असा एक समज त्यातून पसरला, पण बिचारा ससा कसाही मरायचाच. मारल्याशिवाय आत बघणार कसं? त्या मानाने आफ्रिकेतली एक बेडकी नशीबवान. तिला टोचलं आणि बाई गर्भार असली की ती काही तासांत अंडी घालायची, जिवंत राहायची आणि पुन्हा कामाला यायची.

या सगळ्या उत्तरांसाठी बाईला दुसऱ्या कुणाच्या तरी दाराशी जावं लागे. १९६७ साली मार्गारेट क्रेन नावाची एक ग्राफिक डिझायनर ऑर्गेनॉन या औषध कंपनीत सौंदर्यप्रसाधनांच्या कामावर असताना प्रयोगशाळेत गेली. तिथे आरशावर टांगलेल्या परीक्षानळ्यांची रांग दिसली. चौकशी केली तर त्या गर्भारपणाच्या टेस्ट निघाल्या. हे तर घरीही जमेल, असं तिला वाटलं, आणि कागदाच्या क्लिपा ठेवायच्या प्लॅस्टिकच्या डबीतून तिने पहिला नमुना बनवला. कंपनीतल्या लोकांना कल्पना रुचली नव्हती. बायका घरच्या घरी हे करायला लागल्या तर कसं होईल, अशी काळजी. पेटंटवर नाव तिचं, हक्क मात्र एका डॉलरला कंपनीकडे. बाथरूमच्या खिडकीशी एकटीने उभं राहून पट्टी तिरकी-सरळ करण्याचा माझा पहाटेचा उद्योग तिच्यामुळे शक्य झाला, तेव्हा हे ऋण नोंदवून ठेवते.

पाचवा आठवडा संपेपर्यंत मला काही म्हणजे काही होत नव्हतं. ओटीपोटात पाळी येणार असल्यासारखं दुखायचं, एवढंच. गर्भाशय बदलायला लागलेलं असतं म्हणून तसं होतं, हे वाचलेलं असूनही दर वेळी पोटात गोळा यायचा. सहाव्या आठवड्यात एका सकाळी मी तोंड धुवायला वाकले आणि साबणाचा वास आला. तोच साबण, तीन वर्षं वापरात असलेला. त्या दिवशी त्याला असा काही उग्र, गोडूस, बंद कपाटातला वास आला की मी बेसिनच्या कडा धरून उभी राहिले. कोरडी उलटी. डोळ्यांतून पाणी. आणि मग आरशात बघते तर मी हसत होते! सापडला एकदाचा पुरावा.

हसू तीन दिवस टिकलं. हिला सकाळची मळमळ का म्हणतात देव जाणे. माझी तर दिवसभराची ड्यूटी होती, रात्रपाळीसकट. होडीत बसलोय आणि किनारा येतच नाही, असं. भूक लागली की मळमळायचं, खाल्लं की मळमळायचं. तोंडात जुनं नाणं धरून ठेवल्यासारखी चव. थोडं थोडं, कोरडं काहीतरी, पोट रिकामं होऊ न देता खात राहायचं, हा सल्ला ऐकायला बाळबोध वाटतो, पण तोच चालला. त्याने भागेना तेव्हा डॉक्टरांनी बी-६ जीवनसत्त्व असलेली गोळी दिली. गोळी घ्यायला मी आठवडाभर का कू केलं. सहन करणं म्हणजेच चांगली आई होणं, अशी कसलीतरी खुळी कल्पना. डॉक्टरांना न विचारता औषध घ्यायचं नाही हे खरंच. थॅलिडोमाइड नावाचं औषध १९५७ पासून मळमळीवरसुद्धा दिलं गेलं आणि १९६१ मध्ये बाजारातून काढेपर्यंत हजारो मुलं अधू हातापायांनी जन्मली, तेव्हापासून जग सावध आहे. पण सावध असणं वेगळं आणि विचारल्यावर मिळालेली गोळी ड्रॉवरमध्ये ठेवून कुढणं वेगळं.

ही मळमळ येते कुठून, याचं बरंचसं उत्तर अगदी अलीकडे मिळालं. जीडीएफ-१५ नावाचं एक संप्रेरक गर्भ आणि वार यांच्याकडून आईच्या रक्तात येतं आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या मळमळीच्या केंद्राला जागं करतं. २०२३ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आलेल्या संशोधनाप्रमाणे, जिच्या शरीरात हे आधीपासून कमी असतं तिला त्याची सवय नसते, म्हणून ती जास्त आडवी होते. या कामात पुढे असलेल्या मर्लेना फेजो यांना स्वतःला १९९९ साली गर्भारपणात इतका विलक्षण त्रास झाला की पाणीही पोटात ठरेना, आणि पंधराव्या आठवड्यात ते बाळ गेलं. बाईच्या मनाचे खेळ म्हणून जे उडवून लावत त्याचं रसायन त्यांनी शोधत नेलं. मला हे वाचून मळमळ कमी झाली नाही. पण "जरा मन गुंतव कशात तरी" म्हणणाऱ्यांना द्यायला एक उत्तर मिळालं.

थकव्याबद्दल कुणी नीट सांगितलं नव्हतं. थकवा हा शब्दच तोकडा आहे. दुपारी तीनला ऑफिसच्या टॉयलेटमध्ये कमोडचं झाकण लावायचं, त्यावर बसायचं, भिंतीला डोकं टेकायचं आणि मोबाइलला सात मिनिटांचा गजर लावून झोपायचं, हा माझा सातव्या-आठव्या आठवड्यातला नेम होता. सात मिनिटांत स्वप्नंसुद्धा पडायची. बाहेरून कुणाला काही दिसत नाही. पोट सपाट, चेहरा जरा उतरलेला. आत मात्र प्रोजेस्टेरॉन वाढलेलं, रक्त वाढायला लागलेलं, हृदय जास्तीचं काम ओढत असलेलं, मूत्रपिंडांकडे जास्त रक्त जात असल्यामुळे रात्रीतून तीनदा उठणं ठरलेलं, आणि आधीचं घर पाडायच्या आधीच नवं बांधायला घेतल्यासारखी वार तयार होत असलेली. छाती इतकी हुळहुळी की कुशीवर वळताना जाग यायची. बद्धकोष्ठाविषयी सभ्य गृहिणीसारखी गप्प बसते.

ताईला फोन केला की ती म्हणायची, "मळमळतंय ना? चांगलं लक्षण आहे. सगळं नीट चाललंय." तिचं म्हणणं बिनबुडाचं नव्हतं. मळमळ असलेल्या बायकांमध्ये गर्भपाताचं प्रमाण कमी आढळतं, हे अभ्यासांतही दिसलंय. मी "हो" म्हणायची आणि फोन ठेवायची. कारण पहिल्या खेपेलाही मला मळमळत होतं.

पहिल्या खेपेला नऊ आठवडे आणि दोन दिवस झाले होते. सोनोग्राफीला जाताना पार्किंगमध्ये गाडीचं दार उघडून मी कोरड्या उलट्या काढल्या होत्या. आत गेल्यावर डॉक्टर आधी बोलत होत्या, मग बोलायच्या थांबल्या. पडद्यावर गर्भ होता, ११ मिलिमीटरचा. म्हणजे सातव्या आठवड्याचा. त्याच्या मधोमध जे लुकलुकायला हवं होतं ते लुकलुकत नव्हतं. खात्री करायला एका आठवड्याने पुन्हा बोलावलं, आणि पुन्हा तेच दिसलं. तिथे पहिल्यापासून काहीच नसतं तर कदाचित मला ते लवकर समजलं असतं. पण जवळजवळ दोन आठवडे माझं शरीर रोज सकाळी मला सांगत होतं की सगळं ठीक आहे. वारेच्या पेशी जिवंत होत्या, संप्रेरकं बनत होती, मला मळमळत होतं. अंगावरून एक थेंब गेला नव्हता. खोटं कुणीच बोललं नाही, आणि तरी मी फसले.

बाहेर बसले असताना तिथल्याच एका बाईंनी विचारलं, "जड वगैरे काही उचललं होतंत का?" त्यांना दुष्टपणा करायचा नव्हता, पण तो प्रश्न माझ्या डोक्यात वर्षभर राहिला. उत्तर आता मला पाठ आहे. कळलेल्या गर्भारपणांपैकी शंभरातली दहा ते वीस अशी संपतात, बहुतेक पहिल्या बारा आठवड्यांतच. त्यातल्या निम्म्याच्या आसपास गुणसूत्रांची वाटणी फलनाच्या वेळीच चुकलेली असते. पिशवी उचलल्याने, प्रवासाने, ऑफिसात भांडल्याने, किंवा 'आत्ता नको होतं' असं एखाद्या रात्री मनात आल्याने ती चुकत नाही.

बारा आठवडे कुणाला सांगायचं नाही, या नियमाशी माझं भांडण तिथेच सुरू झालं. काही बिनसलं तर निदान बोलबाला नको, हा त्यामागचा विचार. पण बिनसलं तेव्हा माझी अवस्था अशी झाली की पहिल्यांदा बातमी द्यायची आणि त्याच वाक्यात ती परत घ्यायची. समोरच्याला आनंद व्हायलाही वेळ नाही, मग दुःख कशाचं होणार? शिवाय बाईला सगळ्यात जास्त सांभाळून घ्यायची गरज असते ती याच आठवड्यांत. पोट दिसायला लागल्यावर काय, बसमध्ये अनोळखी माणूसही जागा देतो. दुसऱ्या खेपेला मी सहाव्या आठवड्यातच पाच जणांना सांगितलं. निकष एकच ठेवला: वाईट झालं तर याच्यासमोर मला रडता येईल का? साहेब त्या यादीत बसत नव्हते, पण टॉयलेटमधल्या झोपेचा खुलासा कधीतरी करावाच लागला असता, म्हणून सहावे ते.

डॉक्टरांनी या वेळी एक कागद दिला होता, तो फ्रिजवर लावला. रक्ताचे बारीक डाग चारातल्या एकीला तरी सुरुवातीला दिसतात, कळवा पण घाबरू नका. अंगावरून पाळीसारखं किंवा जास्त गेलं, पोटात एकाच बाजूला कळ आली, खांद्याच्या टोकाशी दुखलं किंवा चक्कर आली तर वाट बघत बसू नका, ताबडतोब या. गर्भ गर्भाशयाऐवजी बीजवाहिनीत रुजला असेल तर ते जिवावर बेतू शकतं. दिवसभर पाणीसुद्धा पोटात ठरलं नाही, लघवी गडद आणि थोडी झाली किंवा ताप आला, तरी या. फ्रिज उघडला की वासाने मळमळायचं, त्यामुळे तो कागद मी नेहमी श्वास रोखून वाचला.

कागदावर नसलेली एक गोष्ट म्हणजे टॉयलेटला गेल्यावर दर वेळी बघणं. दिवसातून दहा-बारा वेळा. पांढरंच आहे ना? हो. दोन सेकंदांची सुटका. एकदा गमावलेली प्रत्येक बाई हे करते, असं मला नंतर कळलं. त्याबद्दल कुणी बोलत नाही, इतकंच.

पाच आठवडे पाच दिवसांना पहिली सोनोग्राफी झाली. आत नुसती काळी पिशवी. "इतक्या लवकर एवढंच दिसायला हवं," डॉक्टर म्हणाल्या. "दहा दिवसांनी या." ते दहा दिवस कसे काढले ते लिहीत नाही, कारण आठवत नाहीत. सात आठवडे आणि एका दिवसाला पुन्हा त्याच टेबलवर. मी पडद्याकडे बघणार नाही असं ठरवलं होतं, छताकडे बघत होते. छताच्या एका चौकटीत गळतीचा डाग होता, नकाशासारखा. १९५८ साली ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी पोटातलं ध्वनिलहरींनी दिसू शकतं हे जगासमोर मांडलं, त्याआधीच्या बायका या क्षणाऐवजी काय करत असतील, असलं काहीतरी मनात आणत होते. मग नवऱ्याचा हात एकदम घट्ट झाला.

"बघा," डॉक्टर म्हणाल्या.

दहा मिलिमीटर. करड्या ठिपक्यात एक पांढुरका कण भराभर उघडझाप करत होता, दुरून येणाऱ्या सायकलच्या दिव्यासारखा. मिनिटाला १३८. नवऱ्याला या वेळी मी म्हणायच्या आधीच दिसलं होतं.

त्यानंतरचे आठवडे मी सुखाने काढले असं लिहायला आवडलं असतं. मळमळ नवव्या आठवड्यात कळसाला पोचली, तशी ती बहुतेकींची पोचते, आणि मी तिच्याबद्दल येताजाता कुरकुरत होते. मग अकरावा आठवडा लागला. गुरुवारची सकाळ. उठले, तोंड धुतलं, कपडे केले, आणि दाराला कुलूप लावताना लक्षात आलं की मळमळलेलंच नाही.

एचसीजी दहाव्या आठवड्याच्या आसपास शिखर गाठून उतरायला लागतं. बारा ते सोळा आठवड्यांच्या दरम्यान बहुतेकींची मळमळ ओसरते, काहींची आधी. हे सगळं मला माहीत होतं. मळमळ असून काही सिद्ध होत नाही आणि नसूनही नाही, हे तर माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. मी कुलूप उघडलं. चपला न काढता आत गेले. नवरा म्हणाला, "अगं, काय राहिलं?"

"काही नाही," म्हणून मी बाथरूमचं दार लावून घेतलं, बेसिनवरचा साबण ओला करून नाकाशी धरला आणि डोळे मिटून खोल श्वास घेतला.